जुनी शिडाची बोट घेताय? आधी कपाटामागे टॉर्च मारा

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार. मी बडोद्यात मांजलपूरला राहतो, वय ५१. मकरपुरा जीआयडीसीत एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, केमिकल टाक्या बनवायचं आमचं छोटं युनिट आहे, २६ वर्षं झाली. गेले तीन हिवाळे मुंबईला जाऊन सेलिंग शिकलो. आता तिथेच एक ३३ फुटी फायबरग्लासची क्रूझिंग बोट विकायला आहे, १९९४ची, परदेशातून आलेली, आत चार जणांची झोपायची सोय, छोटं किचन, डिझेल इंजिन. मालक १९ लाख म्हणतोय. सगळं ओके आहे, फक्त इंजिनची सर्व्हिस आणि जरा पॉलिश मारा म्हणतो. सर्व्हे रिपोर्ट, म्हणजे तज्ज्ञाने बोट तपासून दिलेला, दाखवला तो ८ वर्षांपूर्वीचा. फोटोत एकदम चकाचक दिसते. मला टाकी बघता येते पण बोट कशी बघायची ते कळत नाही. मुंबई ते गोवा आणि जमलं तर पुढे कोचीपर्यंत जायचं मनात आहे. नंतर बोट इथे खंभातच्या बाजूला आणून ठेवता येईल का? घरची मंडळी म्हणतात गाडी घेताना तीन मेकॅनिक आणलेत आणि इथे नुसत्या फोटोवर भाळलात. — मांजलपूरचा खलाशी"

खलाशीदादा, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले, टाकी बघता येते पण बोट कशी बघायची ते कळत नाही. अहो, तुमच्या टाकीत ॲसिड आत ठेवायचं असतं आणि बोटीत समुद्र बाहेर ठेवायचा असतो, माल तोच आहे, तीच काचतंतूंची मॅट, तेच पॉलिस्टर रेझिन, तोच वरचा गुळगुळीत थर, गेलकोट. आता मला सांगा, २६ वर्षांत गळती टाकी परत आली तेव्हा ती मधल्या सपाट भिंतीत किती वेळा गळत होती? नसणारच. ती नोझलपाशी गळते, मॅनहोलच्या फ्लँजपाशी गळते, जिथे कोणीतरी भोक पाडून धातू बसवलाय तिथे गळते. बोटीचंही अगदी हेच आहे हो. बोट भोकांपाशी सडते. आणि ३३ फुटी बोटीला भोकं शेकड्यांनी असतात, डेकवरचा प्रत्येक बोल्ट म्हणजे एक भोक, खिडकी म्हणजे भोक, टॉयलेटचं पाणी जायचा पाइप म्हणजे भोक, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो ते भोक. तुम्ही पॉलिशकडे अजिबात बघू नका, भोकं मोजत फिरा, म्हणजे बोट आपोआप कळायला लागेल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आम्ही मुंबईला होतो तेव्हा तीन कुटुंबांनी मिळून २७ फुटी जुनी बोट घेतली होती. तिच्या केबिनमध्ये उजव्या बाजूला सागवानी पुस्तकांचं कपाट होतं, इतकं सुरेख की मी तर त्या कपाटाकडे बघूनच हो म्हटलं होतं. कपाटाच्या खालच्या कोपऱ्यातून भिंतीवर एक तपकिरी ओघळ आलेला होता, चार बोटं लांब, चहा सांडून वाळल्यासारखा. विकणारा म्हणाला चहाच असेल, आम्हीही पुसला आणि विसरलो. दुसऱ्या सीझनला ह्यांनी वॉर्निश करायला म्हणून ते कपाट काढलं. मागे चेनप्लेट होती, म्हणजे डोलकाठीच्या तारा बोटीला जिथे जोडतात ती स्टीलची पट्टी. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्या मागच्या प्लायवूडला नुसता टेकवला, दाबला पण नाही, आणि तो मुठीपर्यंत आत गेला, चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये जावा तसा. वास आला तो अजून आठवतो, ओल्या गोणपाटासारखा. चेनप्लेटचे चार बोल्ट होते, त्यातला एक हाताने ओढला तर अर्धाच बाहेर आला, मधे काड्यापेटीतल्या काडीएवढा बारीक झालेला. आणि तो स्टेनलेस स्टीलचा होता बरं का, डेकच्या वर जो भाग दिसायचा तो आरशासारखा चमकायचा! त्या बोल्टांच्या भरवशावर आम्ही मुलांना घेऊन दोन सीझन फिरलो होतो.

आता हे का होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही खरं तर, स्टेनलेस स्टीलवर जो गंज न चढू देणारा पातळ थर असतो त्याला टिकायला हवा लागते, ऑक्सिजन लागतो, आणि ओल्या लाकडात किंवा सीलंटच्या खाली खारं पाणी अडकून बसलं की हवा मिळत नाही, मग फटीतल्या फटीत स्टील खाल्लं जातं आणि बाहेरून काही कळत नाही. तुमच्या नोझलच्या बोल्टांना गॅस्केटखाली असंच होताना तुम्ही बघितलं असेल.

म्हणून बोटीवर गेलात की पहिलं काम चेनप्लेट. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आणि पुढून-मागून ताणून धरणाऱ्या तारा असतात ना, त्या डेकमधून आत येऊन ज्या स्टीलच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात त्या ह्या. मालकाला आधीच फोन करून सांगा की मला त्या आतून बघायच्यात, कपाट, पॅनेल, जे काय असेल ते काढून ठेवा. काढत नाही म्हणाला तर तिकीट काढू नका. टॉर्च तिरकी मारा, सरळ मारली की ओघळ दिसत नाही. प्लायवूडला जाड टोच्याने हलकेच टोचून बघा, पण विचारून हं, दुसऱ्याची वस्तू आहे.

मग डेकवर या. बऱ्याच बोटींचं डेक सँडविच असतं, वर फायबर, खाली फायबर, मधे बाल्सा लाकूड. बाल्सा म्हणजे वजनाला कापूस आणि पाण्याला स्पंज. रेलिंगच्या खांबांचे पाय, दोर बांधायचे क्लीट, दोर ताणायचे विंच, शिडाचे ट्रॅक, या प्रत्येकाचे बोल्ट त्या सँडविचमधून आरपार गेलेले असतात आणि सीलंट दहा-पंधरा वर्षांत म्हातारं होतं, ३० वर्षांच्या बोटीवर ते एकदाही बदललेलं नसलं तर आत पाणी शिरलेलं आहे असंच धरून चाला. तपासायला तुमचंच हत्यार, टाकीवर डीलॅमिनेशन, म्हणजे सुटलेले थर, शोधायला ठोकता तीच छोटी प्लास्टिकची हातोडी घेऊन जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो आणि आत लाकूड कुजलं असलं की ठस्स वाजतं, तुमचा कान २६ वर्षांचा तयार आहे, कुठल्याही मीटरपेक्षा मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवीन. खडूने गोल करत जा म्हणजे शेवटी डाग किती पसरलाय ते एका नजरेत दिसतं. बूट काढून, टाचांवर वजन टाकून चाला पण, पायाखाली जरा जरी लवचिक लागलं की तिथे थांबा. एखाद्या क्लीटपाशी वीतभर डाग असेल तर ते तुम्ही स्वतः दोन रविवारांत दुरुस्त कराल, वरची कातडी कापायची, कुजलेलं उकरायचं, पूर्ण वाळवायचं, भरायचं, परत मॅट मारायची. पण डोलकाठीच्या पायाभोवती आणि दोन्ही चेनप्लेटपाशी खडूचे गोल एकमेकांना भिडले तर ती बोट सोडून द्या, फुकट दिली तरी.

आता कील, म्हणजे तळाखालचा जड लोखंडी किंवा शिशाचा भाग, ज्याच्यामुळे बोट वाऱ्याने कलंडली तरी परत उभी राहते. इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचाय कारण इथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. २०१४च्या मे महिन्यात चीकी राफिकी नावाची एक ब्रिटिश बोट कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून इंग्लंडला परत जात होती, अटलांटिकच्या मधोमध तिची कील तुटून पडली, बोट उलटली आणि चारही जण गेले. नंतर चौकशी झाली त्यात आलं की आधी कधीतरी बोट जमिनीला घासलेली आणि नंतर केलेल्या दुरुस्त्या यामुळे आतली फायबरची जाळी आणि हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, यांचं चिकटणं कमकुवत झालेलं असू शकतं. म्हणजे बघा, पुन्हा लॅमिनेशनच. कील खडकावर आपटली की तिचं खालचं टोक मागे ढकललं जातं, वरची मागची कड हलमध्ये वर घुसायला बघते आणि पुढची कड खाली ओढली जाते. म्हणून बोट पाण्याबाहेर असताना कीलच्या पुढच्या कडेला जोडापाशी फट पडलीय का बघा, नुसता रंग तडकलाय की खरंच उघडलंय ते नखाने तपासा. मग आत जाऊन फळ्या उचला आणि कीलच्या मागच्या टोकाच्या वर जे आडवे फायबरचे बीम असतात त्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा शोधा. फक्त तिथेच नवा पांढरा रंग मारलेला दिसला तर सरळ विचारा, इथेच का रंगवलं? आणि कीलच्या पुढच्या खालच्या टोकाला हात फिरवा, पुट्टी भरलेली हाताला कळते, तुमच्या हाताला तर नक्की. आपटली असेल तर आपटली म्हणून सांगावं, त्याची बिलं दाखवावीत, आपटलेली प्रत्येक बोट वाईट नसते. लपवलेली मात्र घेऊ नये.

कील बोल्टांच्या नटांवर थोडा गंज असतोच, पण आजूबाजूला लाल पाण्याचं डबकं साचत असेल तर एक बोल्ट काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाण्याखालच्या भोकांवर जे व्हॉल्व असतात, सीकॉक म्हणतात त्यांना, ते प्रत्येक हाताने उघडून बंद करून बघा. एकही जॅम नको. ते ब्राँझचे हवेत, स्वस्तात बसवायला लोक नळाच्या दुकानातला पितळी व्हॉल्व लावतात, खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं. जरा खरवडून बघा, पिवळा आला तर ठीक, गुलाबी आला तर तो व्हॉल्व एखाद्या दिवशी हातात तुटून येईल. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल तर मिनिटाला जवळजवळ १४० लिटर पाणी आत येतं, मी हिशोब करून सांगतेय, तुम्हीही टाकीच्या आउटलेटचा करता तसा करून बघा. म्हणजे आपल्या गच्चीवरची ५०० लिटरची टाकी चार मिनिटांच्या आत. रात्री झोपेत तुम्हाला कळेपर्यंत किती आलेलं असेल?

ऑस्मोसिसबद्दल कोणीतरी तुम्हाला घाबरवेल, म्हणून आधीच सांगते. पाणी हळूहळू गेलकोटमधून आत झिरपतं, आत रेझिनचे न जमलेले घटक विरघळवतं आणि तळावर फोड येतात, फोडला की आंबटसर वासाचं पाणी येतं. दिसायला भयंकर दिसतं पण नुसत्या फोडांनी बोट बुडाली असं सहसा होत नाही. ३० वर्षांच्या बोटीला मोजके फोड असले तर भाव करायला वापरा. पूर्ण तळ भरलेला असेल तर मात्र गेलकोट सोलून कित्येक महिने वाळवावं लागतं, आणि मुंबईच्या हवेत वाळायला किती लागतं ते मी तुम्हाला काय सांगू. ओलावा मोजायचं मीटर कोणी लावलं तर बोट पाण्याबाहेर किती दिवस आहे ते आधी विचारा, आज सकाळीच काढलेल्या बोटीवर मीटर लावून काही कळत नाही, आणि तळाच्या रंगात तांबं असलं तरी आकडा चुकतो.

सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा, खालून पुढे-मागे आणि बाजूला. खडखड झाली तर बेअरिंग गेलं. बोट वर काढून चार दिवस झाले तरी सुकाणूच्या खालच्या कडेतून थेंब गळत असतील तर आतला फोम पाणी प्यायलाय आणि आतला स्टीलचा सांगाडाही त्याच पाण्यात बसलाय.

तारा कधी बदलल्यात ते विचारा, तारखेचं बिल मागा. साधारण १० ते १५ वर्षांत त्या बदलतात, आपल्याकडचं ऊन आणि खार बघता मी दहाच धरते. तारेचं टोक जिथे दाबून बसवलेलं असतं तिथे भिंग लावून उभ्या भेगा बघा, आणि तारेवरून कापूस फिरवा, हात नको, एखादी लड तुटलेली असली तर कापूस अडकतो आणि हाताचं बोट वाचतं. डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टीलचे, तर दोघांच्या मधे पांढरी भुकटी आली असेल, थोडी चालते, पण काठीच्या पायाशी धातूच पापुद्र्यासारखा सुटत असेल तर चालत नाही.

इंजिनबद्दल एकच गोष्ट नीट पाळा, मी येईपर्यंत चालू करू नका असं मालकाला सांगा, आणि पोचल्या पोचल्या नमस्कार-चमत्काराच्या आधी इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी झाकायचंय, गार डिझेल पहिल्या-दुसऱ्या फटक्यात चालू होतं की नाही त्यातच सगळं कळतं. एक्झॉस्टमधून पाणी पडलं पाहिजे. धूर काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनवर लोड जास्त आहे, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल आणि गरम झाल्यावरही जात नसेल तर काळजीचं आहे. ऑइलची कांडी काढून बघा, ताकासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. कमी तास चाललंय म्हणून खूश होऊ नका, बोटीचं इंजिन वापरून कमी मरतं, नुसतं ठेवून जास्त मरतं. आणि पंखा शाफ्टवर आहे की सेलड्राइव्हवर, म्हणजे तळातून सरळ खाली उतरणाऱ्या पायावर, ते विचारा. सेलड्राइव्ह असेल तर तळाला मोठं भोक आणि त्यावर एक रबरी पडदा असतो, इंजिन कंपनी व्होल्वो पेंटा तो दर ७ वर्षांनी बदलायला सांगते. त्याची तारीख मालकाला माहीत नसली तर तो खर्च तुमच्या खात्यात धरून ठेवा.

शिडं लवकर सांगते. कापड नव्या नोटेसारखं कडकडलं पाहिजे, जुन्या चादरीसारखं लोळत असेल तर ओढूनताणून दोन सीझन. शिलाईवर नख घासा, दोरा तुटला तर उन्हाने गेलाय. वायरिंगमध्ये घरातल्या वायरी आणि इन्सुलेशन टेपचे गोळे दिसले तर पूर्ण नवीन करायचं धरा, त्यात चिकित्सा करत बसू नका.

आणि वास घ्या. हे आपल्या बडोदेकरांना तर शिकवायला नको. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घराघरात शिरली, त्यानंतर इथे सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस काय करतो, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढतो, कार्पेट उचलतो, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवून चिखल बघतो, सीटची कव्हरं किती नवीन आहेत याला भुलत नाही. तेच करायचं. गाद्या उचला, खालची लॉकर उघडा, आतल्या भिंतीवर आडवी रेघ आहे का बघा, ती रेघ म्हणजे कधीतरी तिथपर्यंत पाणी आलं होतं. नवीन गाद्या, नवीन पडदे आणि अगरबत्तीचा वास एकत्र असेल तर जास्त वेळ बघा.

आता कधी जायचं? पावसाळ्यात मुंबईच्या बऱ्याच बोटी पाण्याबाहेर काढतात, त्यामुळे मेच्या अखेरीस ती वर येईल तेव्हा जा म्हणजे क्रेनचा वेगळा खर्च नाही आणि तळ आपोआप बघायला मिळतो. रंग मारायच्या आधी गाठा, सप्टेंबरमध्ये गेलात तर तळाला ताजा रंग असेल आणि त्याखाली काय आहे ते फक्त मालकाला माहीत. पण वर काढलेल्या बोटीवर इंजिन आणि शिडं तपासता येत नाहीत, म्हणून सौदा दोन भागांत लिहून घ्या, आत्ता टोकन, सर्व्हे समाधानकारक आला तर आणि ऑक्टोबरमध्ये पाण्यात चालवून समाधान झालं तर बाकीचे, नाहीतर टोकन परत. तोंडी नको. चालवायला न्याल तेव्हा वारा असलेला दिवस निवडा, दोन्ही बाजूंना नीट कलंडवा आणि परत आल्यावर नाही, चालू असतानाच फळ्या उचलून बघा की पाणी कुठून येतंय. इंजिन पूर्ण रेझवर दहा मिनिटं ठेवा, कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत जातं का आणि तापमान कुठे थांबतं ते लिहून घ्या.

८ वर्षांपूर्वीचा रिपोर्ट वाचा जरूर, त्यात जे दोष लिहिलेत ते दुरुस्त केल्याची बिलं आहेत का हे विचारायला तो उपयोगी आहे. बाकी त्याची किंमत शून्य. सर्व्हेयर तुम्ही शोधायचा, पैसे तुम्ही द्यायचे, मालकाने सुचवलेला नको. आमच्या वेळी विकणाऱ्याच्याच ओळखीचा माणूस आला होता, त्याने कपाटाची तारीफ लिहिली, मागे बघितलं नाही. आधी तुम्ही स्वतः एकदा बघून या, तुमच्याच कानाने ती बाद झाली तर सर्व्हेयरची फी वाचेल. स्वतः पास केलीत तरी सर्व्हेयर लावाच, विमा कंपनी जुन्या बोटीचा सर्व्हे बहुतेक मागतेच, आणि मनात बसलेली बोट बघताना आपला कान आपल्याला फसवतो, मी कपाट बघून हो म्हटलं होतं ना.

कागदांचं एक. बोट परदेशातून आलीय म्हणताय तर आयात करताना कस्टम ड्यूटी भरल्याचा कागद बघा, बिल ऑफ एंट्री म्हणतात त्याला, नुसतं 'सगळं झालंय' चालणार नाही, नाहीतर तो बोजा तुमच्या गळ्यात येईल. रजिस्ट्रेशन विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, कुठलं कर्ज आहे का, जागेचं भाडं थकलंय का, हेही.

१९ लाखांबद्दल म्हणाल तर तो आकडा मी बघतच नाही. तुम्ही खडूचे गोल, व्हॉल्व, तारा, शिडं, वायरिंग, प्रत्येकासमोर दुरुस्तीचा खरा खर्च लिहा, मग बेरीज करा, आणि त्यात दर पावसाळ्याचं वर काढणं, तळाचा रंग आणि वर्षभराचं जागेचं भाडं मिळवा. तुम्ही फायबरचं काम स्वतः करू शकता ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, दुसऱ्या कोणाला जी बोट परवडणार नाही ती तुम्हाला परवडू शकते. पण तुमचं युनिट मकरपुऱ्याला आणि बोट ४०० किलोमीटरवर, दर दुरुस्तीला रात्रीची गाडी आणि मुंबईत मुक्काम, हे पण लिहा त्या कागदावर.

खंभातचं मात्र डोक्यातून काढून टाका. कावी कंबोईला स्तंभेश्वराच्या देवळात तुम्ही गेला असालच, भरतीला अख्खी पिंड पाण्याखाली जाते आणि ओहोटीला परत उघडी पडते, लोक हात जोडून उभे राहतात. त्या आखातात भावनगरकडे उधाणाच्या भरतीला पाणी १० मीटरच्या वर चढतं-उतरतं, म्हणजे तीन मजले, आणि ते येताना जो ओढा असतो त्याच्यापुढे तुमचं छोटं डिझेल काही करू शकत नाही. ओहोटीला खाली नुसता गाळ. दीड-पावणेदोन मीटर कीलची बोट तिथे दिवसातून दोनदा आडवी पडेल. बोट मुंबईतच राहू दे. गोवा तिथून सव्वादोनशे नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, पाच नॉट, म्हणजे ताशी पाच नॉटिकल मैल, धरले तर दोन दिवस, दोन रात्री, आणि कोचीला बोलगट्टीला मरिना आहे, तुमचं स्वप्न मुंबईहूनही तेवढंच होतं.

नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या शिडाच्या बोटीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती म्हादेई गोव्यात बांधली जात होती तेव्हा ते स्वतः त्या कामात गुंतलेले होते. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही नवी बांधत नाही आहात, जुनी घेताय, तर निदान घ्यायच्या आधी तिच्यात इतकं तरी शिरा की कुठला बोल्ट कुठे आहे ते अंधारात हाताने सापडेल.

आणि घरच्यांना बरोबर घेऊन जा. त्यांना त्या बोटीचा मोह नाहीये, म्हणून ओघळ आधी त्यांना दिसेल. त्यांच्या हातात टॉर्च द्या, तुमच्या हातात हातोडी.

मालकाला आज एवढंच लिहा, चेनप्लेटवरची पॅनेलं काढून ठेवा, तळाला रंग मारू नका, मी मेच्या शेवटच्या आठवड्यात येतोय. तो हो म्हणतो की कारणं सांगतो बघा. गेलात तर कीलच्या मागच्या टोकाच्या वरचे बीम आणि दोन्ही चेनप्लेट आतून, एवढे फोटो मला पाठवा, टॉर्च तिरकी धरून काढलेले, मी बघून सांगते.